फाटकाजवळचा ‘वांझ’ फिनिक्स आणि शोभेच्या पामांतील नर-मादी

कोल्हापुरातील एका बंगल्याच्या मालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सात वर्षांपूर्वी त्यांनी फाटकाच्या दोन्ही बाजूंना बुटक्या फिनिक्स पामची जोडी लावली. डावीकडच्या झाडावर दरवर्षी लहान, काळसर फळांचे घोस येतात. उजवीकडच्या झाडाला तुरे येतात, पिवळसर भुकटी झडते आणि तुरे वाळून जातात. रोपे देणाऱ्याचे म्हणणे असे की उजवीकडचे झाड वांझ आहे, ते काढून तिथे ‘खात्रीची मादी’ लावावी, मात्र तिची किंमत जास्त पडेल. याखेरीज भिंतीलगतच्या अरेका पामची फुले दरवर्षी सडा पडावा तशी गळतात, हा काही रोग आहे का, पाच वर्षांपूर्वी लावलेला बिस्मार्किया पाम नर आहे की मादी हे आताच कळेल का, आणि फिनिक्सच्या फळांतील बियांपासून तशीच रोपे होतील का, असे तीन उपप्रश्न आहेत.

सर्वांत तातडीचे आधी सांगतो: उजवीकडचा फिनिक्स काढू नये. तो वांझ नाही, तो नर आहे, आणि डावीकडच्या झाडावर आपल्याला जे घोस दिसतात ते बहुधा त्याच्याच परागामुळे धरतात. तो काढला आणि आसपास दुसरा नर फिनिक्स किंवा नर शिंदी (आपल्याकडचा रानटी खजूर) नसेल, तर आज फळणारे झाडही उद्या फळायचे थांबेल. मी गेली तीस वर्षे कोल्हापूर परिसरात रोपवाटिका आणि बागकामाचा व्यवसाय करतो. फळ न देणारे झाड निकामी, या समजुतीपायी चांगली वाढलेली झाडे मुळापासून काढलेली मी पाहिली आहेत, आणि दर वेळी वाईट वाटले आहे. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

वनस्पतींमध्ये नर-मादीची मांडणी एकाच प्रकारची नसते, आणि हे समजायला पाम पाहण्याची गरज नाही, परसबाग पुरेशी आहे. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. भोपळ्याच्या वेलावर नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी, पण वेल एकच. पपईत मात्र नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे निघते (दोन्ही अवयव एकाच फुलात असणारी पपईही असते, ती गोष्ट तूर्त बाजूला ठेवू). पामांच्या कुळात सुमारे 2,600 जाती आहेत आणि त्यांत या तिन्ही मांडण्या सापडतात. म्हणून ‘पाममध्ये नर-मादी असते का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. कोणता पाम, हे आधी विचारावे लागते.

जास्वंदीसारखी मांडणी वॉशिंग्टोनिया, सबाल आणि चायनीज फॅन पाम म्हणून विकला जाणारा लिव्हिस्टोना यांच्यात असते. यांना जोडीदाराची चिंता नसते. भोपळ्यासारखी मांडणी आपल्याकडच्या बहुतेक लोकप्रिय पामांत आहे: नारळ, पोफळ, अरेका पाम, रॉयल पाम, फॉक्सटेल, बॉटल पाम आणि राधानगरी-आंबोलीच्या जंगलात आपोआप वाढणारा भेरली माड हे सगळे यात येतात. नारळाची पोय (फुलोरा) उघडल्यावर नीट पाहिली तर प्रत्येक फाट्याच्या बुडाशी बटणासारखी गोल मादी फुले आणि त्यांच्या वर टोकापर्यंत शेकडो बारीक नर फुले दिसतात. ज्याच्या दारात नारळ आहे त्याने हे एकदा तरी पाहावे, पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

पपईसारखी, म्हणजे नराचे झाड वेगळे आणि मादीचे वेगळे अशी मांडणी असलेले पाम संख्येने कमी, पण शोभेच्या बागांत त्यांची वर्दळ मोठी. फिनिक्स या प्रजातीतील सगळे सदस्य याच गटात मोडतात: खजूर, आपली शिंदी, कॅनरी बेटांवरचा जाड बुंध्याचा फिनिक्स आणि आपल्या फाटकाजवळचा, लाओस, व्हिएतनाम आणि दक्षिण चीन या भागातून आलेला बुटका फिनिक्स. ताड याच गटातला. ताडगोळे फक्त मादी ताडावर येतात, नर ताडावर बोटांएवढ्या जाड, लांबट शेंगांसारख्या फांद्या येतात आणि त्यांच्या खळग्यांतून बारीक फुले डोकावतात. मादागास्करचा बिस्मार्किया, मॉरिशसच्या आसपासच्या बेटांवरचा लॅटानिया, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले चामाडोरिया, म्हणजे पार्लर पाम आणि त्याची भावंडे, हेही याच मांडणीचे. रॅपिस बहुतांशी याच गटात बसतो, अधूनमधून अपवाद दिसतो.

आता आपल्या फिनिक्सकडे येऊ. नर आणि मादी यांची पाने, काटे, बुंधा, उंची यांत डोळ्यांना भरवशाने ओळखता येईल असा कोणताही फरक नसतो. नराची पाने ताठ आणि मादीची झुकलेली, नराला काटे जास्त, मादीचा बुंधा बुडाशी फुगीर, लांबट बी नराची आणि गोल बी मादीची, असे अनेक ठोकताळे बाजारात ऐकू येतात. यांपैकी एकही मी खरा ठरताना पाहिलेला नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका पुरवठादाराकडून ‘मादी शिंदी’ म्हणून जास्त दराने रोपे घेतली होती. काही वर्षांनी ती फुलावर आली तेव्हा साधारण निम्मी नर निघाली. त्या पुरवठादाराला ते माहीत होते की त्याचीही फसवणूक झाली होती, हे मला आजही सांगता येणार नाही, पण तेव्हापासून फुलावर न आलेल्या रोपाला नर किंवा मादी म्हणून मी ना विकत घेतले ना विकले.

निम्मी नर निघावीत यामागे कारण आहे. खजुरात नर-मादी हे माणसाप्रमाणेच एक्स आणि वाय प्रकारच्या गुणसूत्रव्यवस्थेने ठरते, म्हणजे वाय असलेले रोप नर होते. 2011 साली कतारमधील संशोधकांनी खजुराच्या जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध केला, त्यात लिंगाशी निगडित असलेला भागही त्यांनी शोधून काढला. त्या आधारावर प्रयोगशाळेत पानाचा तुकडा तपासून खजुराच्या रोपाचे लिंग सांगता येते. पण ते मोठ्या खजूर लागवडीचे आणि संशोधनाचे काम आहे. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत पिशवीतल्या फिनिक्सवर हात ठेवून ‘ही खात्रीची मादी’ असे सांगणाऱ्याने अशी तपासणी केलेली नसते. बियांपासून वाढवलेल्या फिनिक्सचे लिंग पहिला फुलोरा येईपर्यंत नजरेने कळत नाही, आणि म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.

खात्री मिळण्याचे मार्ग तीनच आहेत. एक म्हणजे फुललेले किंवा फळलेले झाड घेणे, आणि विकणाऱ्याला जुन्या तुऱ्याचा वाळलेला दांडा दाखवायला सांगणे. दुसरा म्हणजे बुंध्याजवळ येणाऱ्या फुटव्यापासून केलेले रोप घेणे, कारण फुटवा हा मूळ झाडाचाच भाग असल्याने मादीचा फुटवा मादी आणि नराचा फुटवा नर असतो. तिसरा मार्ग ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चरने वाढवलेल्या) रोपांचा, जो खजुरात रूढ आहे: बरही ही मादी जात, त्यामुळे तिची ऊतीसंवर्धित रोपेही मादीच. आपला बुटका फिनिक्स बहुतेक ठिकाणी बियांपासूनच वाढवला जातो, त्यामुळे त्याच्या बाबतीत व्यवहारात पहिलाच मार्ग उरतो.

तुरा पाहताना काय पाहायचे, हे नीट सांगतो, कारण हे एकदा जमले की पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. फिनिक्सचा फुलोरा पानांच्या बेचक्यातून निघतो आणि सुरुवातीला होडीच्या आकाराच्या चामड्यासारख्या आवरणात बंद असतो. हे आवरण फाटले की नराचा तुरा आखूड, दाट, केरसुणीसारखा दिसतो. त्यावरची फुले मलईच्या रंगाची, तीन पाकळ्यांची असतात. एखादे फूल उलगडून पाहिले तर आत साधारण सहा पुंकेसर दिसतात, आणि तुऱ्याला टिचकी मारली की पिठासारखा पराग उडतो. मादीचा तुरा त्या मानाने विरळ, त्यावर लहान गोल मण्यांसारखी फुले, जणू कोणी बारीक पिवळसर मणी दोऱ्यात अंतर ठेवून ओवले आहेत. टिचकी मारली तर काहीच उडत नाही. फळ धरू लागले की मादीच्या तुऱ्याचा दांडा लांबतो आणि वजनाने खाली झुकतो, नराचा दांडा मात्र जिथल्या तिथे वाळतो. आपण वर्णन केलेली पिवळसर भुकटी आणि वाळलेले तुरे ही नराची स्पष्ट खूण आहे.

मादीच्या फुलात तीन बीजकोश असतात आणि पराग मिळाल्यावर त्यांपैकी सहसा एकच वाढून फळ होते, उरलेले दोन सुकून जातात. खजुरात पराग मिळाला नाही तर पुष्कळदा तिन्ही बीजकोश एकत्रच थोडेसे वाढतात आणि बी नसलेली, खुरटी, तिहेरी फळे दिसतात. आपल्याकडच्या एखाद्या फिनिक्सवर कधी अशी तीन-तीन चिकटलेली खुरटी फळे आली, तर झाड आजारी आहे असे समजण्याआधी जवळपास नर आहे का, हे पाहावे.

आणखी एक गोष्ट आपण घरीच तपासावी. बुटका फिनिक्स भरगच्च दिसावा म्हणून रोपवाटिकेत एकाच पिशवीत दोन किंवा तीन रोपे लावण्याची पद्धत आहे. मोठेपणी ते तीन बुंध्यांचे एक झाड वाटते, पण खरे तर ती तीन स्वतंत्र झाडे असतात आणि त्यांत एक नर, दोन मादी असा कोणताही मेळ असू शकतो. एका ग्राहकाने मला सांगितले होते की त्यांचा फिनिक्स ‘एका बाजूने नर आणि एका बाजूने मादी’ आहे. जाऊन पाहिले तेव्हा तीन बुंध्यांपैकी एक नर होता. आपल्या डावीकडच्या झाडालाही एकापेक्षा जास्त बुंधे असतील, तर प्रत्येक बुंध्यावरचा तुरा वेगवेगळा पाहावा. हे करताना जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा, कारण फिनिक्सच्या पानाच्या बुडाशी असलेल्या पात्यांचे रूपांतर लांब, टणक काट्यांत झालेले असते. हा काटा बोटाच्या सांध्यात मोडून राहिला तर सूज बरेच दिवस टिकते. तसे झाल्यास घरी टोकरत न बसता डॉक्टरांकडे जावे.

मादीला नराची गरज असते, हे ज्ञान फार जुने आहे. मेसोपोटेमियात खजुराला हाताने पराग देण्याची रीत होती, आणि ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वीच नर खजुराचा फुलोरा मादीवर झटकण्याचे वर्णन करून ठेवले आहे. पण युरोपातल्या अभ्यासकांमध्ये वनस्पतींना लिंग असते की नाही यावर अठराव्या शतकातही वाद चालू होता. 1749 साली बर्लिनमध्ये योहान ग्लेडिच या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिथल्या बागेतील एका मादी चामेरॉप्स पामवर प्रयोग केला. ते झाड फुलत असे, पण फळत नसे. ग्लेडिचने लाइपझिगमधील नर झाडाचा पराग मागवला, तो फुलांवर टाकला, आणि झाडाला रुजणाऱ्या बियांची फळे धरली. आपल्या फाटकावर दरवर्षी जे वाऱ्याने आणि कीटकांनी विनासायास होते, त्यासाठी तिथे दुसऱ्या गावाहून पराग पाठवावा लागला होता.

आपल्या देशातले उदाहरण हावडा येथील आचार्य जगदीशचंद्र बोस उद्यानातले आहे. तिथे 1894 साली सेशेल्स बेटांवरचा जोडनारळ लावण्यात आला. हा पाम अत्यंत सावकाश वाढतो. पुष्कळ दशकांनी तो फुलावर आला तेव्हा मादी निघाला, आणि जवळ नर नसल्याने फळ धरेना. शेवटी परदेशातून पराग आणून हाताने परागीभवन करावे लागले, तेव्हा कुठे फळ धरले. ज्यांनी 1894 मध्ये ते रोप लावले त्यांच्यापैकी कोणालाही ते नर आहे की मादी हे पाहायला मिळाले नाही. पाम लावणाऱ्याला धीर किती ठेवावा लागतो हे मला त्या झाडाइतके दुसऱ्या कोणी शिकवलेले नाही.

आपल्या बिस्मार्कियाचा प्रश्न त्याच प्रकारचा आहे. पाच वर्षांच्या झाडाचे लिंग सांगता येत नाही. तो फुलावर यायला अजून बरीच वर्षे लागू शकतात. नर निघाला तर ताडाच्या नरासारख्या, तांबूस-तपकिरी, बोटांसारख्या फांद्यांचे गुच्छ पानांमधून निघतील. मादी निघाली तर गोलसर फुले आणि, पराग मिळाल्यास, साधारण सुपारीएवढी किंवा थोडी मोठी तपकिरी फळे येतील. पण परिसरात दुसरा फुललेला नर बिस्मार्किया नसेल तर मादीलाही रुजणारे बी धरणार नाही. मग मादीच हवी असा आग्रह कशासाठी धरायचा, हे आपण स्वतःला विचारून पाहावे. बिस्मार्किया आपण त्याच्या निळसर-रुपेरी पंख्यांसाठी लावला आहे, आणि ते पंखे नर आणि मादी दोघांनाही सारखेच असतात. एक सूचना मात्र कळकळीने करतो: जागा चुकली असे वाटून आता त्याला हलवू नये. बिस्मार्कियाची मुळे दुखावली तर तो सहजी सावरत नाही. आपल्याकडच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत त्याच्या बुडाशी पावसाळ्यात पाणी साचत नाही ना, एवढेच पाहावे.

अरेका पामच्या फुलगळतीबद्दल निश्चिंत राहावे, तो रोग नाही. अरेकाचा फुलोरा पानांच्या खाली, बुंध्याच्या हिरव्या भागाच्या बुडाशी येतो. त्यावरची फुले तिघा-तिघांच्या गटाने बसलेली असतात, मधे एक मादी आणि दोन्ही बाजूंना एकेक नर, आणि फाट्याच्या टोकाकडे नुसती नर फुले. आधी नर फुले उमलतात, पराग देतात आणि गळतात. त्यानंतर मधली मादी फुले उमलतात. म्हणजे आपल्या फरशीवर पडणारा पिवळसर सडा हा काम संपवून गळालेल्या नर फुलांचा आहे. सडा थांबल्यावर महिनाभराने तोच तुरा जवळून पाहावा, बारीक हिरवी फळे बसलेली दिसतील आणि पुढे ती पिवळी होतील. रॉयल पाम आणि फॉक्सटेल यांचेही असेच असते. म्हणून अरेका किंवा रॉयल पामच्या संदर्भात ‘नर रोप’ आणि ‘मादी रोप’ असे शब्द कोणी वापरले, तर तो माणूस दुसऱ्या झाडाबद्दल बोलतो आहे असे समजावे. दिवाणखान्यातल्या कुंडीतला अरेका फुलत नाही याचे कारणही लिंग नसून अपुरा उजेड हे असते.

नारळातही हाच क्रम असतो. उंच जातीच्या नारळात एका पोयीतील नर फुले संपल्यावर मादी फुले तयार होतात, त्यामुळे त्याला शेजारच्या झाडाच्या परागाचा मोठा आधार असतो. ठेंगू जातींत हे दोन्ही काळ एकमेकांवर येतात आणि झाड स्वतःच्याच परागाने फळते.

नर झाडाला फळ आणण्याचे जे उपाय सुचवले जातात, त्यांच्याबद्दल मला स्पष्ट लिहिलेच पाहिजे. खोडात लोखंडी खिळे ठोकणे, बुंध्यावर कोयत्याने घाव घालणे, बुडाशी मीठ टाकणे यांपैकी कशानेही नराची मादी होत नाही. आंब्याच्या किंवा पेरूच्या खोडावरची जखम साल वाढून हळूहळू झाकली जाते. पामच्या खोडाला तसा वाढीचा थर नसतो, त्यामुळे त्यावर पडलेले भोक किंवा घाव आयुष्यभर तसाच राहतो. अशा जखमेच्या वासाने लाल सोंड्या भुंगा येतो, खोडात अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या आतून खोड पोखरतात. वरचा शेंडा कलल्यावरच बहुधा मालकाच्या लक्षात येते, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. खत-पाण्याने फुलोरा चांगला येईल, फळांची संख्या वाढेल, पण झाडाचे लिंग बदलणार नाही. क्वचित एखाद्या नर खजुरावर काही द्विलिंगी फुले येऊन चार-दोन फळे धरल्याचे आढळते. तो त्या झाडाचा स्वभाव असतो.

नर झाड नको असण्याचे एक रास्त कारण असू शकते, ते म्हणजे पराग. शिंदीचा पराग हवेत उडतो आणि काही लोकांना त्याची अ‍ॅलर्जी असते, हे आपल्याकडील अभ्यासांतून पुढे आलेले आहे. घरात कोणाला फुलोऱ्याच्या दिवसांत शिंका, डोळ्यांची खाज किंवा दम्याचा त्रास होत असेल आणि नर फिनिक्स खिडकीला लागून असेल, तर झाड काढण्याआधी सोपा उपाय करून पाहावा: आवरण फाटण्यापूर्वीच तुरा बुडातून कापून टाकावा. बुटक्या फिनिक्सवर हे जमिनीवर उभे राहून करता येते.

उलट बाजूने पाहिले तर मादीचाही उपद्रव असतोच. फळे फरशीवर पडतात, डाग पडतात, वटवाघळे येतात, आणि पुढच्या पावसाळ्यात कुंड्यांतून, फरशीच्या फटींतून रोपे उगवतात. एखाद्या हॉटेलच्या किंवा कार्यालयाच्या आवारात, जिथे रोज झाडलोट करणे अवघड असते, तिथे फुललेली, नर म्हणून ओळख पटलेली झाडे मिळाली तर मी तीच निवडतो. रस्त्याच्या कडेला लावायच्या मोठ्या शिंदीबाबतही माझे मत हेच आहे. शोभेसाठी लावलेल्या झाडात नर हा कमी प्रतीचा, ही कल्पना फळबागेतून उचललेली आहे. खजुराच्या शेतात ती समजण्यासारखी आहे, कारण तिथे चाळीस-पन्नास माद्यांना पराग पुरवायला एक नर पुरतो आणि बाकीचे नर जागा अडवतात. आपल्या फाटकाला हा हिशेब लागू नाही.

हे सगळे वाचूनही झाड काढायचेच ठरवले, तर महापालिका हद्दीत 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन कायद्याप्रमाणे वृक्ष तोडण्याआधी परवानगी घ्यावी लागते. झाड स्वतःच्या आवारात आहे म्हणून ही अट सुटत नाही, त्यामुळे आधी उद्यान विभागात चौकशी करावी.

याच ओघात आणखी दोन झाडांचा उल्लेख करतो, कारण नर-मादीचे अर्धे प्रश्न माझ्याकडे पाम म्हणून येतात आणि झाड पाम नसते. सायकस हा पाम नव्हे, तो पाइनसारख्या बिनफुलाच्या झाडांचा दूरचा नातेवाईक आहे. त्याच्या नराच्या मध्यभागी उभा, लांबट, मक्याच्या मोठ्या कणसासारखा शंकू येतो, तर मादीच्या मध्यभागी लोकरी, पिसाऱ्यासारख्या पानांचा घुमट आणि त्यात पुढे नारिंगी बिया. या बिया विषारी असतात, लहान मुले आणि कुत्री असलेल्या घरी त्या वेळीच काढून टाकाव्यात. दुसरा केवडा. त्याचे सुगंधी कणीस आपण देवाला वाहतो आणि बायका वेणीत माळतात, ते नर झाडाचे असते. मादीला अननसासारखे फळ येते, पण तो वास नाही. केवड्यात नराला मागणी आहे, आणि तिथे त्याला कोणी वांझ म्हणत नाही.

रॅपिसच्या बाबतीत एक व्यवहाराची सूचना. रॅपिसची रोपे बहुधा मोठ्या झुपक्याचे भाग पाडून केली जातात. एका झुपक्याचे वीस भाग केले तरी ते एकाच झाडाचे वीस तुकडे, म्हणून सगळ्यांचे लिंग एकच. पोर्चमध्ये ओळीने लावलेल्या रॅपिसला फुले येऊनही कधीच फळ धरत नसेल, तर याहून वेगळे कारण शोधू नये.

आता शेवटचा प्रश्न, बियांचा. आपल्या डावीकडच्या झाडावरील बिया रुजतील. पूर्ण काळी झालेली फळे घेऊन गर धुऊन काढावा, बी ताजे असतानाच पेरावे आणि माती ओलसर ठेवावी. पण रोपे ‘तशीच’ होतील याची हमी नाही. फिनिक्सच्या निरनिराळ्या जाती एकमेकींशी सहज संकर पावतात. आसपास शिंदी फुललेली असेल आणि तिचा पराग आपल्या मादीपर्यंत आला असेल, तर काही रोपे बुटकी न राहता बरीच उंच आणि ताठ पानांची होतील. हे टाळायचे असेल तर उजवीकडच्या नराचा उपयोग करून घ्यावा. मादीच्या तुऱ्याचे आवरण फाटू लागताच त्यावर कागदी पिशवी बांधावी. त्याच सुमारास नराचा नुकता उघडलेला तुरा कापून सावलीत कागदावर एक दिवस ठेवावा, खाली पडलेला पराग कोरड्या बाटलीत जमा करावा, आणि पुढच्या तीन-चार दिवसांत सकाळच्या वेळी पिशवी थोडी उघडून मऊ कुंचल्याने किंवा कापसाच्या बोळ्याने तो मादीच्या फुलांवर लावून पिशवी पुन्हा बांधावी. दोन आठवड्यांनी पिशवी काढली तरी चालते. मादी नराच्या आधी फुलली तर नराचा पराग पुढच्या वेळेसाठी घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवता येतो, बाटलीत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी. तुऱ्याच्या दांड्याला दोरा बांधून त्या तारखेची चिठ्ठी लावावी, म्हणजे घोस पिकल्यावर कोणत्या बिया खात्रीच्या आणि कोणत्या वाऱ्याच्या, हे वेगळे राहील. त्यातून उगवणाऱ्या रोपांपैकी नर किती आणि मादी किती, हे मात्र ती फुलावर येईपर्यंत आपल्यालाही कळणार नाही, आणि म्हणून ती कोणाला भेट देताना प्रत्येक पिशवीत एकच रोप ठेवावे.